बेबिंका पौष्टिक का? आणि लातुरात जमेल का?

ताई, मडगावहून आणलेला बेबिंका (गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ) शुगर असलेल्या वडिलांना द्यावा का, आणि तो घरी सुक्या खोबऱ्यात जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी हे बघा, घरात कुणी माळकरी आहे का? बेबिंक्यात अंड्याचे बलक असतात, तेही भरपूर. मी परभणीत आमच्या आत्याबाईंना "नारळाची वडीच समजा" म्हणून वाढला होता. त्यांनी दुसरा तुकडा मागितला तेव्हा मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. एकादशी नव्हती एवढंच नशीब.

आता पौष्टिकतेचं. माझं घरचं माप: १० बलक, ४०० मिली नारळाचं घट्ट दूध, २५० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम तूप, थोडं जायफळ. हिशेब मांडला तर सगळ्याचे साधारण ४,२०० कॅलरी होतात. १६ तुकडे केले तर एकात २६० च्या आसपास, त्यात १८ ग्रॅम स्निग्ध, नुसती साखरच जवळपास ४ चमचे आणि प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम. "नारळ आहे म्हणजे चांगलंच" म्हणतात, पण दूध पिळलं की नारळाचा तंतू चोथ्यात राहतो. वाटीत येते ती चरबी, तीही बहुतेक संपृक्त. आपण येसरात किंवा डिंकाच्या लाडवात खोबरं किसून घालतो तेव्हा निदान तंतू तरी पोटात जातो.

वडिलांना बोटाएवढा काप द्या, जेवणानंतर, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. शुगर फार वर-खाली होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही नको.

सुक्या खोबऱ्याचा नाद सोडा. त्याचं दूध पातळ निघतं आणि जुन्या खोबऱ्याचा खवट वास सात थरांत सातदा येतो. मोंढ्यात ओले नारळ मिळतात, दोन-तीन पुरतात. खरी मेख आचेची आहे. आच वरून लागते, खालून दिली तर पहिला थर करपतो आणि वरचा कच्चाच राहतो. गोव्यात झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवायचे ते त्यासाठीच. आपण ओव्हनची फक्त वरची कॉइल लावायची. एक थर तांबूस झाला की तूप, मग पुढचा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात आणि हाती शिरा येतो.

दोन तास तरी धरा. माझी लाईट चौथ्या थराला गेली होती. उरलेले तीन थर पातेल्यावर परात झाकून, परातीत निखारे ठेवून केले. तेच जास्त खमंग झाले.