‘घरीच तर असतेस ना?’ : वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून या खेपेला आलेली बरीचशी पत्रं नोकरी न करता स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनर, चित्रकार, व्हिडिओ संपादकांची आहेत. पत्रं लांब होती, प्रश्न आटोपशीर करून देत आहोत.

प्रश्न : मी विश्रामबागेत घरूनच पॅकेजिंगची डिझाइनं करते. गिऱ्हाइकं बहुतेक हळद-बेदाण्याचे व्यापारी. मुलगी चार वर्षांची आहे, घरात सासूबाई आहेत. दिवसा काम होत नाही म्हणून रात्री बारा-एकपर्यंत बसते. तरी तारखा चुकतात, आणि घरच्यांच्या लेखी मी ‘घरीच तर असते’. वेळ कसा बसवू?
(वाचक, सांगली)

उत्तर : पहिले १४ दिवस काहीच बदलू नका. वहीत फक्त लिहा : किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, कशासाठी उठलात. ‘दिवसा काम होत नाही’ हे बहुधा अर्धंच खरं निघतं. काम होतं, पण तुकड्यातुकड्यांत. फोन आणि बिलं तुकड्यांत उरकतात, डिझाइन नाही उरकत.

बालवाडी साडेनऊ ते साडेबारा धरली, तर सोडण्या-आणण्याची चाळीस मिनिटं वजा जाता दोन तास वीस मिनिटं उरतात. दुपारी मुलगी झोपते तो तास-सव्वा तास. म्हणजे दिवसाला साडेतीन तास. आपल्याकडे यापेक्षा जास्त वेळ आहे असं धरून चालणं, इथेच तारखा चुकायला सुरुवात होते. सकाळचा तुकडा फक्त नव्या डिझाइनला ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. दुपारी किरकोळ दुरुस्त्या, दरपत्रक, व्यापाऱ्यांना फोन. रात्री बसायचंच असेल तर फायली लावणं, नमुने बघणं एवढंच.

शेवटची फाइल रात्री पाठवायची नाही, याला कारण आहे. हळदीच्या १०० ग्रॅमच्या पाकिटाची मागची बाजू आठवून बघा : एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) परवान्याचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवा शाकाहारी ठिपका, सगळं चार बोटं जागेत. रात्री साडेबाराला त्यातले दोन अंक आपापसांत जागा बदलतात आणि डोळ्यांना ते दिसत नाही. असली पाकिटं ग्रॅव्हियरवर (कोरलेल्या सिलिंडरनं छापणाऱ्या मशीनवर) छापतात, दर रंगाला एक सिलिंडर. चूक सापडेपर्यंत सिलिंडर कोरून झालेला असतो, आणि नव्याचा खर्च कुणी द्यायचा यावरून गिऱ्हाईक तुटतं. फाइल सकाळी खऱ्या मापात कागदावर काढा. एकानं मूळ परवान्यावरचे अंक मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं पाकिटावर बोट ठेवत जायचं. हे काम सासूबाईंना सहज जमेल. घरात बसून तुम्ही नेमकं काय करता, ते त्यांना दहा वेळा समजावण्यापेक्षा अशा एका वाचनात जास्त कळेल.

तारीख देताना हिशोब असा करा. डिझाइनला १२ तास लागतील असं वाटतं. सकाळचे सव्वादोन तास धरले तर सहा दिवस. मुलीचा ताप, पाहुणे, लाइट यांसाठी दीडपट, म्हणजे नऊ. गिऱ्हाईक होकार कळवायला दोन दिवस घेणारच. तेव्हा ‘११ कामाचे दिवस’ सांगा, आणि नवव्या दिवशी जमलं तर तुमचं नाव होईल.

घरच्या मदतीबद्दल. ‘जरा हिला बघा ना’ ही मदत नव्हे, ती दर वेळची विनवणी होते. मंगळवारी आणि गुरुवारी चार ते साडेपाच, एवढंच ठरवून मागा. बदल्यात त्यांचाही एक वेळ पक्का करा, भजनी मंडळाचा किंवा देवळाचा, त्या वेळी तुमचं काम बंद. आणि हे बोलणं तुमच्या नवऱ्यानं करायचं आहे. आईशी मुलगा बोलला तर ती घरातली सोय ठरते, सून बोलली तर तक्रार ठरते. बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण घरोघरी असंच आहे.

सण हे तुमच्या धंद्यातलं खरं संकट. गौरी-गणपती ते दिवाळी घरातही तुम्हीच हव्या असता आणि भेटबॉक्सची कामंही तेव्हाच येतात. श्रावण लागण्याआधी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवा : गणपतीचे इतके दिवस बंद, दिवाळीचं काम अमुक तारखेनंतर घेणार नाही. बेदाण्याचा नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागतो, त्यामुळे खोक्यांसाठी व्यापाऱ्यांना डिसेंबरातच विचारा. तेव्हा त्यांना फुरसत असते आणि तुमच्या घरीही सण नसतात.

प्रश्न : साताऱ्यात राहतो, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतो. पुण्यातल्या प्रकाशकांपर्यंत पोचायचं कसं? ओळखी नाहीत, आणि स्वतःहून बोलायला संकोच वाटतो.
(वाचक, शाहूपुरी)

उत्तर : ओळख आणि वशिला यांत गल्लत होते म्हणून संकोच वाटतो. या धंद्यात ओळख म्हणजे, काम निघालं की ज्याच्या डोक्यात तुमचं नाव येतं असा माणूस. त्यासाठी गप्पिष्ट असावं लागत नाही, आठवणीत राहावं लागतं.

सुरुवात प्रकाशकापासून नको, गावातल्या छापखान्यापासून करा. कुणाची फाइल त्रास देते आणि कुणाची सरळ मशीनवर चढते, हे छापखान्याइतकं कुणाला माहीत नसतं. ‘चित्रं कुणाकडून करून घेऊ?’ असं गिऱ्हाईक काउंटरवरच विचारतं. तिथे तुमचं नाव निघायचं असेल तर फाइल अशी हवी : रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया), चित्र छपाईच्या मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), काळा मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंग मिसळून केलेला काळा बारीक अक्षरांत घातला की रजिस्टर (रंगावर रंग बसण्याची जुळणी) केसभर हललं तरी अक्षराला लाल-निळी किनार येते. मराठी मजकुराची आणखी एक डोकेदुखी : श्रीलिपीत (जुन्या सॉफ्टवेअरच्या खास फाँटात) टाइप केलेलं तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येईल असा) द्या, छपाईची प्रत कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र करून) द्या, दुरुस्तीसाठी मूळ फाइल वेगळी ठेवा.

मग एक वही करा, २४ नावांची. आठ जण काम देऊ शकतील असे : प्रकाशक, मासिकांचे संपादक, शाळा, संस्था. आठ जण काम पाठवू शकतील असे : छापखाना, अक्षरजुळणी करणारे, फोटोग्राफर, मजकूर लिहिणारे. उरलेले आठ तुमच्यासारखेच चित्रकार. शेवटच्या आठांना बरेच जण वगळतात, आणि आमच्या मते तीच मोठी चूक. चांगल्या चित्रकाराकडे हंगामात झेपेनासं काम येतं, तेव्हा तो ते ओळखीच्यालाच देतो. नावापुढे तीन रकाने : शेवटचं बोलणं कधी, कशाबद्दल, पुढे काय. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी पाऊण तास, वहीतल्या चार-पाच जणांना काहीतरी कामाचं कळवायचं. नवं चित्र, उपयोगी माहिती, त्यांच्या पुस्तकाबद्दल दोन ओळी. सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवलेत तर तुमचा नंबर म्यूट होईल.

अनोळखी संपादकाला पहिला निरोप पाच ओळींचा पुरतो. कोण, कुठून, त्यांचं कोणतं पुस्तक पाहिलं आणि त्यातलं काय नजरेत भरलं, तुम्ही कोणत्या वयाच्या मुलांसाठी काढता, सोबत आठ-दहा चित्रांची पाच एमबीच्या आतली पीडीएफ, आणि ‘अमुक दिवशी पुण्यात आहे, वीस मिनिटं मिळतील का?’ पीडीएफमध्ये एकच पात्र चार वेगवेगळ्या प्रसंगांत काढलेलं असलंच पाहिजे. एकेक सुंदर चित्र पुष्कळ जण काढतात. तोच मुलगा सोळा पानं तोच वाटायला हवा, संपादक तेच शोधत असतो. उत्तर नाही आलं तर सात दिवसांनी एकदा, मग तीन आठवड्यांनी एकदा. त्यानंतर गप्प राहा आणि सहा महिन्यांनी नवं काम पाठवा.

पुणे तुम्हाला ११० किलोमीटर. सकाळची स्वारगेट विनाथांबा धरली की दिवस पुरतो. महिन्यातून एकच फेरी करा आणि तीनच भेटी ठरवा : दोन पक्क्या, तिसरी अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या दुकानांतून नवी बालपुस्तकं चाळण्याची. आतल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आणि चित्रकाराचं नाव असतं, ते वहीत उतरवा. दिवाळी अंकांचं नियोजन पावसाळ्याच्या तोंडाशीच सुरू होतं. सप्टेंबरात विचारलंत तर पानं लागून गेलेली असतात. भेट झाली की त्याच रात्री आभाराचा एक निरोप आणि बोलताना कबूल केलेली गोष्ट पाठवा. निम्मे लोक इथेच गळतात.

प्रश्न : मी व्हिडिओ एडिटिंग करतो. नातेवाईक लग्नाचा व्हिडिओ, पत्रिका ‘घरचंच काम आहे’ म्हणून फुकट करून घेतात. नाही म्हटलं तर वाईटपणा.
(वाचक, मिरज)

उत्तर : नाही म्हणू नका, माप ठरवा. वर्षाला घरची दोनच कामं, कामात एकदाच दुरुस्ती, तारीख तुमच्या सोयीची. आणि बिल द्या. हो, फुकट कामाचंही. ‘संपादन १४ तास, रु. ९,८००; आहेर म्हणून वजा रु. ९,८००, देणे शून्य.’ मावसभावाला आपण काय घेतलं ते कळतं, आणि पुढचा पाहुणा किंमत विचारूनच येतो. दोन कामं झाली की ‘यंदाची घरची कामं झाली, आता दिवाळीनंतर’ हे वाक्य आईला पाठ करायला लावा, कारण फोन तिलाच येतात.

प्रश्न : काम पोचवलं की व्यापारी पैशाला महिनोन्‌महिने लावतात. भाव किती सांगावा हेही कळत नाही. करार मागितला तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणतात.
(वाचक, तासगाव)

उत्तर : भाव आधी. घरात महिन्याला ३०,००० द्यायचे आहेत, वीज-इंटरनेट-सॉफ्टवेअर-मशीनची झीज ८,०००, आजारपण आणि करासाठी बाजूला ७,००० असं धरू. झाले ४५,०००. रोज साडेतीन तास, महिन्याचे २२ दिवस म्हणजे ७७ तास. त्यातला तिसरा हिस्सा फोन, दरपत्रक, वसुली खाते. विकायला उरले ५० तास. तासाला ९०० रुपये. १८ तासांचं काम १६,२०० च्या खाली घेतलंत तर पदरमोड करून घेतलंत. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

‘करार’ हा शब्दच वापरू नका, व्यापाऱ्याला तो कोर्टाचा वाटतो. ‘कामाची चिठ्ठी’ म्हणा आणि व्हॉट्सॲपवर पाठवून ‘ठीक आहे’ असं लिहून घ्या. चिठ्ठीत काय काय मिळणार, किती पर्याय, किती दुरुस्त्या (दोन पुरे, तिसरीपासून वेगळे पैसे), पैसे कसे : ५० टक्के आगाऊ, ३० टक्के नमुना पसंत पडल्यावर, २० टक्के छपाईच्या फाइलीआधी. पसंतीसाठी पाठवायचं चित्र लहान, आडवं नाव टाकलेलं. छपाईची फाइल पूर्ण पैसे आल्यावरच. भांडून वसुली होत नाही, फाइल हातात असली की होते.

हक्काची एक ओळही टाका. फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट पैसे देऊन करून घेतलं असेल आणि वेगळं ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट करून घेणाऱ्याचा होतो. बाकी डिझाइनचा तुमच्याकडे राहतो आणि लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. लेखी दिला पण मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून ‘फक्त हळदीच्या पाकिटासाठी, तीन वर्षं’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर पाकिटावरचं चित्र वर्षभरात टेम्पोच्या पाठीवर दिसतं.

उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) करून घ्या. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, शुल्क नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. सूक्ष्म-लघू उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा, पैसे अडकल्यावर केलेली त्या कामाला लागू पडेलच असं नाही. रोजच्या गिऱ्हाइकावर हे हत्यार उपसू नये. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला तरी त्याच्या सीएला बरोबर कळतं.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचाही नाही. कंपनीनं टीडीएस (बिलातून आधीच कापायचा आयकर) कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का, हे आयकर पोर्टलवर दर तिमाहीला बघा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही घरून काम करतो, खोली एकच. वळवाच्या दिवसांत लाइट जाते आणि ऑनलाइन मीटिंग बंद पडते.
(वाचक, कराड)

उत्तर : रविवारी रात्री दोघांच्या मीटिंगा एका कागदावर मांडा. एकाच वेळी आल्या तर ज्या मीटिंगचं गिऱ्हाईक नवं ती खोलीत, दुसरी स्वयंपाकघरात. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या; राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट-अँपिअर लिहिलेले असतात, ते जुळवूनच. मोबाइलचं सिम इंटरनेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा. वळीव बहुधा दुपारनंतरच येतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये चारनंतरची मीटिंग घेऊच नका.