कांदाचाळीतली काळी बुरशी औषधाला का दाद देत नाही?

प्रश्न (निफाड तालुका): उन्हाळ कांदा साठवायची चाळ रिकामी झाली की तळाच्या लाकडी पट्ट्यांवर आणि बांबूंच्या सांध्यांत काळी बुरशी राहते. गेल्या वर्षी चाळ भरण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोनदा फवारलं, तरी श्रावणात कांद्यावर काजळी धरलीच. औषध बनावट होतं का? यंदा हेक्साकोनॅझोल दुप्पट प्रमाणात मारू का?

उत्तर: बनावट औषध बाजारात नसतं असं मी म्हणणार नाही. पण इथे अस्सल औषधानेही फारसं काही झालं नसतं. फवारा बुरशीपर्यंत पोचलाच नाही.

एक करून बघा. बुरशी धरलेल्या पट्टीवर फवारणीच्या द्रावणाचा एक थेंब सोडा. अळवाच्या पानावर राहतो तसा तो गोल उभा राहील आणि पट्टी तिरपी केली की घरंगळेल. आता तीच जागा नखाने खरवडा. वर काळी पूड, म्हणजे बीजाणू, बुरशीचं बी. त्याखाली चिवट, राखाडी पापुद्रा लागेल. बुरशीचे तंतू एकमेकांत विणले जातात आणि स्वतःच सोडलेल्या चिकट द्रव्यात लिंपले जातात. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात, आपण बुरशीची साय म्हणू. औषध या सायीत वरच्या वर अडकतं. आतल्या तंतूंना हवा कमी मिळते, त्यामुळे त्यांची वाढ मंदावलेली असते. कार्बेन्डाझिम पेशींचं विभाजन रोखतं. जी पेशी विभागतच नाही तिचं ते काय रोखणार? कोरडे बीजाणू तर झोपलेलेच असतात. थोडंफार औषध आत शिरलं तरी काही बुरशा ते पेशीबाहेर फेकून देतात.

कांद्यावरची ही काळी बुरशी अॅस्परजिलस कुळातली. प्रयोगशाळेत याच कुळातल्या एका बुरशीवर हे नीट तपासलं गेलं आहे. नुकत्या अंकुरलेल्या तंतूंवर औषध चांगलं चालतं. दिवसभरात साय धरली की तेच औषध कित्येक पट जास्त लागतं. तुमच्या पट्टीवरची साय तर दोन-तीन हंगामांची आहे.

म्हणून डोस वाढवू नका. हेक्साकोनॅझोलबद्दल आणखी एक कारण आहे. ते ट्रायझोल गटातलं आहे आणि माणसाच्या फुफ्फुसातल्या बुरशीवर देतात ती इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधंही त्याच गटातली. या गटाला न जुमानणारी अॅस्परजिलस बुरशी भारतातल्या मातीतही सापडल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे हा गट फवारत राहिलं की दवाखान्यातलं औषधही निकामी ठरू शकतं. बरा झालेला क्षयरोगी घरात असेल तर त्याला या कामाला लावू नका. क्षयाने फुफ्फुसात पडलेल्या पोकळीत ही बुरशी गोळा करून बसते. तीही सायच, आणि तिथे घासायला ब्रश जात नाही.

चाळीत मात्र जातो. आधी पट्ट्या पाण्याने भिजवा, म्हणजे पूड उडणार नाही; तोंडाला मास्क हवाच. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ताठ ब्रश घेऊन घासा. सगळा जोर सांध्यांत आणि बांबूच्या कापलेल्या टोकांवर लावा. कुजलेली पट्टी घासत बसू नका, बदलून टाका. स्वच्छ पाणी मारून दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्या.

त्यानंतर लिटरला 10 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून वरचं निवळ पाणी लाकूड चिंब होईल असं मारा आणि पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. घाण तशीच असेल तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतं, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. लोखंडी सांगाडा नंतर धुऊन घ्या, नाहीतर गंजेल.

साठवलेल्या कांद्यावर मात्र कुठलंही बुरशीनाशक मारायचं नाही, तो खायचा माल आहे. तिथे काम करतं ते सुकवणं. पातीसकट तीन ते पाच दिवस शेतात, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत. काळ्या बुरशीला तिशीच्या आसपासचं तापमान आणि दमट हवा मानवते. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवा आयतीच असते, म्हणून थर चार-पाच फुटांच्या वर नेऊ नका आणि तळाखालून वारा मोकळा ठेवा.

चाळ भरायच्या आदल्या दिवशी तोच थेंब तळाच्या पट्टीवर पुन्हा टाका. लाकडात जिरला तर भरा. गोल उभा राहिला तर ब्रश परत हातात घ्या.