नव्या सचिवांना: माहिती कमी आहे की अर्थ अनेक?

रावेर-यावल पट्ट्यातील शेतकरी कंपनीचा कारभार आपण नुकताच हाती घेतला आहे, म्हणून एक भेद आधीच सांगतो. माहिती नसणे आणि असलेल्या माहितीचा अर्थ न लागणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत, हे संघटनांचे अभ्यासक डाफ्ट आणि लेंगेल यांनी १९८६ मध्ये नेमके मांडले.

बऱ्हाणपूरचा आजचा केळीचा भाव ठाऊक नसेल, तर एक फोन पुरतो. परंतु पानावर पिवळे पट्टे दिसले आणि एक सभासद त्याला हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूरोग, म्हणतो, दुसरा अन्नद्रव्यांची कमतरता म्हणतो, तेव्हा आणखी पन्नास फोटो मागवून घोळ वाढतोच. तिथे दोघांना आणि कृषी सहायकांना एकाच बांधावर उभे करून बोलते करावे लागते. मीही पूर्वी अशा वेळी नवे तक्ते छापत असे! हरण्या असेल तर झाड उपटून नष्ट करावे लागते आणि तो पसरवणारी मावा कीड आवरावी लागते, कमतरता असेल तर खत पुरते. त्यामुळे हा निर्णय लांबवणे महाग पडते.

माहितीचा अतिरेक वेगळाच. माहिती वाढली की लक्ष अपुरे पडते, असे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच म्हटले होते. सबब सकाळच्या गटसंदेशांतून भाव, कटाई आणि गाड्या एवढेच संचालकांपर्यंत जाऊ द्या.

घडाची पक्वता नजरेने ओळखणाऱ्या जुन्या कटाईवाल्यांचे ज्ञान मात्र कागदावर उतरत नाही. त्यांच्याबरोबर एका तरुणाला हंगामभर फिरवा.