मारुती ८०० : क्लच प्लेट खरंच गेलीय का?

तुम्ही विचारलंय की २००४ ची मारुती ८०० आहे, चढावर एक्सलेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी काही पळत नाही. मेकॅनिकनं बॉनेटही न उघडता ‘क्लच प्लेट गेली’ (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणारी चकती झिजली) म्हणून सांगितलं. असेलही त्याचं बरोबर. पण गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पाच मिनिटं काढा.

या गाडीचा क्लच केबलवर चालतो. पेडल हातानं हलकेच दाबून बघा. सुरुवातीला थोडं मोकळं खाली जायला हवं, तो प्ले. प्लेट झिजते तसा प्ले कमी होतो आणि अजिबात उरला नाही की पेडलवर पाय नसतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटला रेटत राहतं. ही प्रेशर प्लेट म्हणजे क्लच प्लेटला इंजिनच्या फिरत्या चाकावर, फ्लायव्हीलवर, दाबून धरणारा भाग. मग धड क्लच प्लेटसुद्धा स्लिप होते, म्हणजे पकड न घेता घसरते. केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला नट असतो, तो फिरवून प्ले द्या आणि परत चढ चढून बघा.

तरीही तेच? मग सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धक्का देऊन बंद पडलं तर प्लेट पकडतेय. चालूच राहिलं तर गेली. हे एकदाच करा, नाहीतर उरलीसुरलीही जाळाल.

माझ्या गाडीची प्लेट साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात जळाली, गाडीभर करपट वास. तेव्हा पैसे वाचवायला मी नुसती प्लेट बदलून घेतली. चार महिन्यांत पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागली. पुन्हा उतरवली, तर प्लेटचं लायनिंग (पकड घेणारा थर) जाडजूड, ते बसवणारे रिव्हेट खोल, पण वर तेलाचा काळा चकचकीत चट्टा. इंजिनचं मागचं ऑइल सील गळत होतं! मजुरी दोनदा भरली, चूक सर्वस्वी माझीच.

म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच बदला, आणि सील ओलं दिसलं तर तेही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. जुनी प्लेट मागून घ्या; रिव्हेटची डोकी लायनिंगच्या बरोबरीला आली असतील तर मेकॅनिक खरं बोलत होता. आणि बिलात गिअर ऑइल वेगळं लावलं म्हणून त्याच्याशी भांडू नका, गिअरबॉक्स उतरवताना ते काढावंच लागतं.