एकाच्या तीन झाल्या, म्हणजे आजार वाढला का?

"मॅडम, आधी दिवसाला एक गोळी होती, आता तीन सांगितल्यात. म्हणजे वाढलंय ना?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न बीपीवाल्यांनी विचारलाय, फिट्स येणाऱ्यांच्या आयांनी विचारलाय. औषध हा माझा प्रांत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडेच पाठवते. पण प्रश्नामागची भीती माझ्या प्रांतातली. म्हणून ही एक गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

ऐरोलीचे गृहस्थ, चाळिशीचे, रबाळेला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. आजार क्लस्टर हेडेक, म्हणजे एका डोळ्याभोवती उठणारी, झुबक्याझुबक्याने येणारी असह्य डोकेदुखी. पहिल्या दिवशी बोलल्या त्या त्यांच्या पत्नीच. "रात्री दीड वाजला की हे उठतात. उजवा डोळा लाल, पाणी वाहतंय, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली. माझ्या बहिणीला मायग्रेन आहे, ती अंधार करून पडून राहते. यांना बसवतसुद्धा नाही. हॉलमध्ये येरझाऱ्या. एकदा भिंतीवर डोकं आपटलं." तासाभरात सगळं शांत. मग दोघंही सकाळपर्यंत जागे, कारण उद्या पुन्हा दीड वाजणार असतो.

काही आठवडे असं चालतं, मग महिनोन्‌महिने काहीच नाही. ते काही आठवडे सुसह्य व्हावेत म्हणून प्रतिबंधक औषध देतात. त्यात पहिलं नाव व्हेरापामिलचं, मुळात हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध. गेल्या वेळी त्यांना त्याची सावकाश विरघळणारी, एसआर म्हणतात ती २४० मिलिग्रॅमची गोळी होती, दिवसातून एकदा. या वेळी नव्या न्यूरोलॉजिस्टनी साधी ८० ची दिली, तीनदा.

आता बेरीज करा. दिवसभर मोजमापं तपासणाऱ्या या माणसाने ती केलीच नव्हती. त्यांनी गोळ्या मोजल्या, मिलिग्रॅम नाही.

त्यांच्या परवानगीने मी डॉक्टरांशी फोनवर बोलले. एसआरची सोय मोठी: एकदा घ्या, दिवसभर औषध हळूहळू सुटत राहतं. पण ती चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसाचं औषध एकदम अंगात उतरतं. साधी गोळी लवकर काम करते, लवकर उतरतेही, म्हणून तीनदा. बदल्यात अटॅकच्या वेळेनुसार डोस पुढेमागे करता येतो, थोडा थोडा वाढवता येतो. डोकेदुखीचे बरेच तज्ज्ञ म्हणूनच साध्या गोळीने सुरुवात करणं पसंत करतात. २००० साली इटलीतल्या ३० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यातही १२० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असंच दिलं होतं. म्हणजे तीनदा घेणं ही बढती नव्हे, फक्त वेळापत्रक.

हे सगळं मी त्यांना छान समजावलं. त्यांनी छान मान डोलावली. अटॅक तसेच. पुढची दोन सत्रं मी "आजार स्वीकारा" यावर घालवली, ती वाया गेली हे कबूल करते.

चौथ्या भेटीत ते वैतागून आले. "साधी गोळी कुचकामी आहे. डॉक्टर डोस वाढवायचं म्हणतायत." आणि पुरावा दाखवावा तशा स्ट्रिप्स टेबलावर टाकल्या. पंधरा दिवसांच्या पंचेचाळीस आणल्या होत्या, बारा दिवस झाले होते. मी सहज मोजायला लागले. नऊ उरायला हव्यात. होत्या एकोणीस.

"दुपारची?" मी विचारलं.

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "कँटीनमध्ये सगळे असतात. एकाने स्ट्रिप बघितली, गूगल केलं, म्हणाला, साहेब हार्टचं औषध? इतक्यातच? तेव्हापासून खिशातच राहते." दोन रविवारी तेवढी घेतली होती, कारण बायको पाण्याचा पेला घेऊन समोर उभी.

मी विवेकनिष्ठ पद्धतीची, म्हणजे त्रास देणारा अविवेकी विचार शोधून तो बदलायला शिकवणारी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. वाक्यातला 'च' पकडायची मला वीस वर्षांची सवय. "तीन गोळ्या लागतात म्हणजे मी संपलोच" हा 'च' मी पहिल्याच दिवशी ऐकला होता, पण तो रोज दुपारी एक वाजता त्यांचा हात खिशात अडवतो, हे मला एकोणीस गोळ्यांनी दाखवलं. नुसतं स्वीकारा म्हणून तो हात सुटत नाही. कँटीनमध्ये काय उत्तर द्यायचं ते ठरवलं की सुटतो. आम्ही ते ठरवलं, तीन वेळा म्हणूनही बघितलं. त्यांना हसू आलं. मला ते हसू औषधाइतकंच महत्त्वाचं वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत.

डॉक्टरांना त्यांनी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. डोस वाढवणं थांबलं, आणि हे फार बरं झालं. व्हेरापामिल हृदयाची विद्युतवहनाची गती मंदावू शकतं. म्हणून सुरू करण्याआधी आणि डोस वाढवल्यावर ईसीजी काढतात. न घेतलेल्या गोळीच्या हिशोबावर डोस चढवणं म्हणजे आंधळ्याने गाडी हाकणं. तुमच्या घरात हे औषध असेल तर आधीपासूनची बीपीची किंवा हृदयाची औषधं डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठ होतं, तेही सांगायला लाजू नका. एसआर हवी की साधी, हे केमिस्टच्या काउंटरवर ठरवू नका. आणि ऐन अटॅकमध्ये ही गोळी कामाची नाही. तेव्हा मास्कने जोराचा ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं. वहीत मात्र रोज दोन गोष्टी लिहा: अटॅकची वेळ आणि गोळी घेतल्याची वेळ. खरी वेळ, घ्यायची होती ती नव्हे.

त्यांच्या वहीत पुढच्या दोन आठवड्यांत दीडची नोंद विरळ होत गेली, पूर्ण गेली नाही. पुढच्या खेपेला एसआर चालेल का, हे त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलंय. पण आता कारण लाज नाही, शिफ्ट आहे.

मधल्या एका दुपारी त्यांचा मेसेज आला: "कँटीनमध्ये घेतली. विचारलं, हार्टचं का? म्हटलं, नाही रे, डोक्याचं. तो म्हणाला, मग बरोबर आहे."