पत्ते म्हणजे कौल नव्हे

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो पाहिले. टॅरोच्या ७८ पत्त्यांची नावं, प्रत्येकापुढे चार-पाच शब्दांत अर्थ, आणि पाठ झालेल्या अर्थापुढे बरोबरची खूण. मेहनत दिसते, पण हे पाठांतर इथेच थांबव. पाठ केलेला अर्थ समोर माणूस बसला की तोंडातून आधी बाहेर पडतो, आणि मग पत्त्याकडे बघायचं राहूनच जातं.

डेक तू योग्य घेतलास. लंडनच्या रायडर कंपनीने १९०९ मध्ये काढलेला हा संच नवशिक्याला सगळ्यात सोयीचा, आणि त्याचं कारण चित्रांत आहे. त्याआधीच्या बहुतेक संचांत मोठे २२ पत्ते, म्हणजे मेजर आर्काना, तेवढे चित्रांचे असत. उरलेल्या ५६ मधल्या आकड्यांच्या पत्त्यांवर पाच पेले म्हणजे नुसते पाच पेलेच काढलेले. आर्थर वेट यांनी कल्पना मांडली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने प्रत्येक लहान पत्त्यावरही एक प्रसंग उभा केला. बरीच वर्षं संचाच्या नावात वेट होते, ती नव्हती. खालच्या कोपऱ्यात तिची वळणदार सही आहे, ती एकदा शोध.

पामेला नाटकवाल्यांत वावरलेली होती, नेपथ्याची आणि वेशभूषेची कामं तिने केली होती. ते पत्त्यांत स्पष्ट दिसतं. कितीतरी पत्त्यांत पुढे सपाट जमीन, मागे पडद्यावर रंगवल्यासारखा देखावा, आणि मधे पात्रं. तू फोंड्याची, देवळासमोरच्या मांडवात रात्र रात्र नाटकं बघितलेली मुलगी. पडदा वर गेल्यावर संवाद सुरू होण्याआधी आपण जसं बघतो, तसंच इथे बघायचं. कोण उभं आहे, कोण बसलंय, तोंड कुणीकडे, पाठ कुणाकडे, हातात काय, मागे काय रंगवलंय.

फाइव्ह ऑफ कप्स, म्हणजे पाच पेल्यांचा पत्ता, काढ आणि समोर ठेव. तुझ्या वहीत त्यापुढे ‘दुःख, नुकसान, पश्चात्ताप’ असं आहे. चूक नाही. पण आता चित्र बघ. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले कलंडलेत, आतलं सांडलंय. त्याच्या पाठीमागे दोन पेले सरळ उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत, कारण तो वळलेला नाही. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलाच्या त्या बाजूला लहानशी गढी. म्हणजे जायला वाट आहे, निवारा आहे. ‘दुःख’ एवढंच पाठ असलं तर समोरच्याला तू दुःखच सांगशील. चित्र बघितलंस तर विचारशील, ‘तुमच्या मागे अजून काय उभं आहे?’ हा प्रश्न विचारता येणं म्हणजेच वाचन, असं मी मानते.

सिक्स ऑफ स्वोर्ड्समध्ये, म्हणजे सहा तलवारींच्या पत्त्यात, होडी आहे. नावाडी बांबूने होडी रेटतोय, पुढे शाल गुरफटून बसलेली बाई, शेजारी मूल, आणि त्यांच्यापुढे होडीत रोवलेल्या सहा तलवारी. तिघांचीही पाठ आपल्याकडे. अलीकडचं पाणी खळबळलेलं, पलीकडचं शांत. रायबंदरहून फेरीने चोडणला जाणाऱ्या बाईला यात पत्त्यांसोबतच्या पुस्तिकेपेक्षा जास्त दिसेल. लग्नानंतर पहिल्यांदा पलीकडे गेली तो दिवस तिला आठवेल, किंवा माहेरी कायमची परतली तो. ते तिला बोलू दे. तुझा अर्थ मधे घुसवू नकोस.

सकाळी एक पत्ता काढ. आधी काय दिसतं ते लिही, मग मनात काय आलं ते, आणि शेवटी पुस्तिका उघड. क्रम हाच ठेव. लहान पत्त्यांच्या चार गटांचा ढोबळ स्वभाव आपोआप अंगवळणी पडेल: वॉन्ड्समध्ये, म्हणजे काठ्यांत, उमेद आणि धडपड, कप्समध्ये भावना, स्वोर्ड्समध्ये विचार आणि वाद, पेंटॅकल्समध्ये, म्हणजे नाण्यांत, पैसा, शरीर, घरदार. उलटे पत्ते सध्या सरळ करून घे. केल्टिक क्रॉस ही दहा पत्त्यांची मांडणीही आत्ता नको, तीन पत्ते भरपूर झाले. दुसऱ्या एखाद्या जुन्या पद्धतीच्या संचात स्ट्रेंग्थ आणि जस्टिस या मोठ्या पत्त्यांचे आकडे, ८ आणि ११, अदलाबदल झालेले दिसले तर गोंधळू नकोस. वेट यांनी ते बदलले होते.

आई घाबरली आहे असं लिहिलंस. तिला इतिहास सांग. १५ व्या शतकात उत्तर इटलीतल्या सरदार घराण्यांत हे पत्ते खेळायला बनले. आपल्या शेजारी सावंतवाडीत गंजिफा रंगवतात, गोल, दशावतारी, १२० पत्त्यांचा खेळ, तसाच हाही खेळच होता. त्याला गूढविद्या चिकटली ती फार उशिरा. १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने लिहिलं की ही प्राचीन मिसरी, म्हणजे इजिप्तची, विद्या आहे. तोवर मिसरची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. डेथचा पत्ता आईने उघडून पाहिला असेल, म्हणून तोही तिच्यासोबत बसून नीट बघ. घोड्यावर सांगाडा, खाली पडलेला राजा, आणि लांबवर दोन बुरुजांमधून दिसणारा सूर्य. कुणाच्या मरणाची तारीख त्यात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हरमल-हणजूणला पर्यटकांसाठी पत्ते मांडून बसणारे तू पाहिलेत. तिथला गिऱ्हाईक उद्या विमानाने जातो. तुझ्यासमोर मात्र शेजारीण बसेल, मावशी बसेल, आणि त्या कौलाची सवय घेऊन येतील. देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली की काम होणार, डावी पडली की नाही. तिथे विचारणाऱ्याची श्रद्धा देवीवर असते, भटजी फक्त मधला. पत्त्यांमागे कुणी देव बसलेला नाही. पुढे काय होणार हे कागदाच्या पत्त्याला कळतं याचा पुरावा मला कुठे मिळालेला नाही, आणि तसा दावा तू कधीही करू नयेस. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणालीस की त्या क्षणी तू देवीच्या जागी बसलीस.

म्हणून पत्ते पिसण्याआधी प्रश्न बदलून घ्यायला शिक. समज, डिचोलीचा कुणी ट्रकवाला येऊन विचारतो, ‘खाण परत जोरात चालेल का?’ २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि दोन्ही वेळा ट्रकच्या कर्जाचे हप्ते चालूच राहिले. त्याचा प्रश्न खरा आहे, पण उत्तर सरकार आणि कोर्टाकडे आहे. त्याला सांग, ‘खाणीचं मला कळणार नाही. ट्रक ठेवायचा की विकायचा, यात तुमचं मन कशात अडकलंय ते बघू.’ पहिला पत्ता आत्ताची स्थिती, दुसरा त्याच्या हातात काय आहे, तिसरा तो कशाकडे बघायचं टाळतोय. मग त्यालाच विचार, या चित्रात तुम्ही कोण? बहुतेक जण बोट ठेवून दाखवतात, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं. ठरवायचं त्याने.

आजारपण, गरोदरपण, मरण, कोर्टाचा निकाल, तिसऱ्या माणसाच्या मनात काय आहे, यावर पत्ते काढायचे नाहीत. कुणी रडलं, जीव नकोसा झालाय असं म्हणालं, तर पत्ते गुंडाळून ठेव, त्या माणसाजवळ बस, घरच्यांना बोलाव, डॉक्टरकडे घेऊन जा. तोडगे, खडे, दोरे देऊ नकोस. एकच प्रश्न घेऊन तीच व्यक्ती आठवड्यात दुसऱ्यांदा आली तर प्रेमाने परत पाठव. पैशांचं मी आत्ता काही सांगत नाही, वर्षभर तरी तो विषयच नको.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या पावसाळ्यात हे पत्ते दमटतात, एकमेकांना चिकटतात, कडा फुगतात. रेशमी कापडात गुंडाळून देव्हाऱ्याजवळ ठेवायला कुणी सांगेल, पण बुरशी कापडाला अडत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव, आत कोरड्या तांदळाची पुरचुंडी टाक आणि ती अधूनमधून बदल.

चतुर्थीला गणपतीवरची माटोळी बांधून झाली की दुपारी ये. वही आण, पण अर्थांची नको, ‘काय दिसलं’ ती. द मून या पत्त्यापासून सुरू करू. त्यात पाण्यातून वर येणारी शेवंड आहे, ती कुठे निघाली आहे ते तोवर बघून ठेव.

तुझी,
मावशी