देवाने नुसतं माफ का केलं नाही? येशूला का मरावं लागलं?

तुम्ही विचारलंय की देव सर्वशक्तिमान असेल तर 'जा, माफ केलं' एवढं म्हणून त्याला भागवता आलं असतं, मग वधस्तंभ कशासाठी? शिवाय दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मरणाने आज तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशी होणार? आणि केलेलं कर्म ज्याचं त्यानेच भोगायचं असतं ना?

मी नगरची, ख्रिस्ती घरात वाढलेली. तारण, प्रायश्चित्त, पापक्षमा हे शब्द लहानपणापासून दर रविवारी कानावर पडायचे. पण माफी फुकट नसते, हे मला चर्चमध्ये नाही, घरात कळलं.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. एका चुलतकाकांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि पप्पा जामीन राहिले. दोन-तीन हप्ते भरून काका गाव सोडून गेले. तेव्हापासून पप्पांच्या पगारातून कपात सुरू झाली. पगाराच्या चिठ्ठीत खालून दुसऱ्या ओळीत तो आकडा असायचा आणि आई दर महिन्याला त्यावर बोट ठेवून गप्प बसायची. सहा वर्षं पप्पांनी एकच करड्या रंगाचा स्वेटर घातला. कोपरावर आईने दोनदा रफू केलं होतं.

कर्ज फिटल्यावर काही महिन्यांनी काका दारात येऊन उभे राहिले. मान खाली, हातात केळ्यांची पिशवी. पप्पा म्हणाले, "आत ये. हातपाय धू, जेवायला बस." मला राग आवरेना. रात्री मी पप्पांना विचारलं, "इतक्या पटकन माफ केलंत?" ते म्हणाले, "माफ तर पहिल्याच महिन्यात केलं होतं गं. फेडायला सहा वर्षं लागली."

तुमच्या कर्माच्या मुद्द्याचं उत्तर मला इथे दिसतं. ते कर्ज हवेत विरलं नाही, भोगावं लागलंच. फक्त ज्याने केलं त्याने नाही, ज्याने प्रेम केलं त्याने भोगलं. आपल्या मराठीत सोन्यावर कर्ज देणाऱ्याच्या पाटीवर 'तारण' लिहिलेलं असतं आणि आमच्या प्रार्थनेतही तोच शब्द असतो. योगायोग असेल, पण माझ्या मनात ते दोन्ही अर्थ कायमचे जोडले गेलेत. बायबलच्या नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला चक्क 'जामीन' म्हटलंय.

मात्र हे उदाहरण एका जागी तोकडं पडतं. पप्पांनी तिसऱ्याचे, म्हणजे संस्थेचे पैसे फेडले. वधस्तंभावर तिसरा कुणी नाही. ज्याचा अपराध झाला तोच फेडतो आहे. काही जण असं चित्र रंगवतात की देव रागाने पेटलेला होता आणि निरपराध पुत्राला मारून तो शांत झाला. ते मला मुळीच मान्य नाही. देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो. आणि हे सहज झालं नाही. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू, शक्य असेल तर हा दुःखाचा प्याला टळू दे, अशी विनवणी करत होता. ती रात्र आठवली की 'देवाची प्रीती' हे शब्द मला गुळगुळीत वाटत नाहीत.

आता तुमचा त्यात काय संबंध? इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी लंडनजवळच्या फुलहॅममध्ये, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं होतं. हे कशासाठी, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली: यहुदी लोक शोमरोनी लोकांना हलकं मानत, तिचे पाच नवरे होऊन गेले होते, तरी येशूने तिला दूर लोटलं नाही. रमाबाई हलून गेल्या. तरीही पुढे त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. तो भेटायला बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं गेली. एवढी विदुषी, संस्कृत तोंडपाठ, विधवांसाठी शारदा सदन चालवणारी, आणि तिलाही शेवटी रिकाम्या हातानेच त्याच्यापुढे जावं लागलं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या त्यांच्या संस्थेचं नाव 'मुक्ती' आहे, ते उगाच नाही.

म्हणून वैयक्तिक तारण म्हणजे दाखल्यावरचा धर्म बदलणं नव्हे, आणि ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मणंही नव्हे. माझंही तसं झालं नाही. काका दारात उभे होते तेव्हा कर्ज केव्हाच फिटलं होतं. तरी उंबरा ओलांडायचा की केळी ठेवून परत फिरायचं, हे त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं. आम्ही ज्याला विश्वास म्हणतो तो एवढाच: हे माझ्यासाठी फेडलं गेलं, असं मान्य करून आत येणं. येशूच्या बाजूला दुसऱ्या वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे त्याहून जास्त काही नव्हतं. 'माझी आठवण ठेव' एवढंच तो म्हणाला.

'मग पाप करत राहायला मोकळे?' असं मला पुष्कळ जण विचारतात. पप्पा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. काका दर रविवारी दुपारी श्रीरामपूरहून एसटीने यायचे, वाटीत गरम पाणी घ्यायचे आणि पप्पांची दाढी करायचे. हनुवटीखाली हात धरून, अगदी हळू. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.